सामान्य शिक्षण, पदवी अभ्यासक्रमातील

पदवीसाठी विद्यार्थ्याने निवडलेला प्रमुख विषय कोणताही असो, पदवीधर म्हणून त्याच्या ठिकाणी जे ज्ञान, ज्या बौद्धिक सवयी आणि जी अभिव्यक्तिक्षमता असावी असे विद्यापीठास वाटते, त्यांच्या प्राप्तीसाठी अभ्यासक्रमात ठेवलेल्या अनिवार्य भागास सामान्य शिक्षण म्हणतात. सामान्य ज्ञान म्हणजे फुटकळ माहितीचा संग्रह. त्याच्याशी या संकल्पनेचा संबंध नाही. त्याचप्रमाणे आपल्याकडील काही विद्यापीठांत एकाच विषयाच्या ‘सामान्य’ व ‘विशेष’ अशा ज्या पातळ्या रूढ होत्या, त्यांच्याशीही तिची गल्लत करू नये. सामान्य शिक्षणाची योजना मुख्यत्वे दोन प्रकारांनी केली जाते : सर्व विद्यार्थ्यांनी एकच ठराविक अभ्यासक्रम एकत्र शिकावयाचा, हा पहिला प्रकार, व विषयांचे काही गट पाडून प्रत्येक गटातून किमान एखादा विषय विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने घ्यावयाचा, हा दुसरा. पहिल्यास समान गाभा आणि दुसऱ्यास विभागणी असे म्हणता येईल. दोहोंमधील फरक वरकरणी तपशिलाचा वाटला, तरी गेल्या शंभर वर्षांतील या विषयावरील बहुतेक वाद याच फरकाभोवती फिरत आले आहेत.

पूर्वेतिहास : मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठांतील सात मुक्त कला किंवा अमेरिकेतील वसाहतकालीन महाविद्यालयांतील लॅटिन, ग्रीक, गणित व नीतिशास्त्र यांचा अभ्यासक्रम सर्वांना एकच असे. जेथे सर्वच शिक्षण समान होते, तेथे त्यातील काही भाग समान असावा की नाही, हा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. १८२८ साली येल महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या जुन्या अभ्यासक्रमाचे जोरदार समर्थन केले होते. मनाला वळण लावणे व मनात ज्ञानाचा साठा करणे ही शिक्षणाची दोन कार्ये असून त्यांपैकी पहिले अधिक महत्त्वाचे आहे, असा त्यातील युक्तिवाद होता. तथापि एकोणिसाव्या शतकात निसर्गविज्ञाने, आधुनिक भाषा व सामाजिक शास्त्रे यांची इतकी वाढ झाली, की चार वर्षांत सर्वांनी सर्व काही शिकणे अशक्य झाले. निवड अपरिहार्य झाली आणि निवडीबरोबरच सामान्य शिक्षणाचा प्रश्न जन्मास आला.

निवडीचे तत्त्व टोकास नेण्याचे श्रेय हार्व्हर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट (१८३४–१९२६) यांच्याकडे जाते. १८६९ ते १९०९ या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सक्तीचे विषय एकामागून एक काढून टाकले. १८९७ च्या सुमारास पहिल्या वर्षातील इंग्रजी लेखनाचा अभ्यासक्रम तेवढा सक्तीचा उरला. प्रत्येक विद्यार्थ्याची प्रकृती भिन्न असते व रुचीने केलेला अभ्यासच फलद्रूप होतो, ही एलियट यांची भूमिका होती. तिच्यामुळे विज्ञानादी नव्या विषयांना विद्यापीठात बरोबरीचे स्थान मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु अनेक विद्यार्थी केवळ प्राथमिक स्वरूपाचे, सोपे व सोयीच्या वेळी असलेले अभ्यासक्रम जमवून पदवी पदरात पाडून घेऊ लागले. एलियट यांचे उत्तराधिकारी ॲबट लॉरेन्स लोएल (१८५६–१९४३) यांनी १९१० पासून एका क्षेत्रात सखोल अभ्यास व उरलेल्या क्षेत्रांत विखुरलेला अभ्यास अशी जोड घातली. आज जगभर आढळणाऱ्या विभागणी पद्धतीचे हे मूळ होय. ती प्रशासनाला सोयीची आहे, कारण तीत कोणत्याही विभागाला नवे काही शिकवावे लागत नाही. विद्यार्थी फक्त एका वर्गातून उठून दुसऱ्या वर्गात जातो. तिचे सामर्थ्य व तिची उणीव दोन्ही यातच आहेत.

समान गाभ्याचा पहिला टिकाऊ प्रयोग न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात झाला व त्याचा उगम काहीसा अनपेक्षित होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, म्हणजे १९१८ मध्ये, सैनिकी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी युद्धाची कारणे समजावून सांगणारा एक अभ्यासक्रम सुरू करण्यात आला होता. युद्ध संपल्यावर, युद्धाच्या प्रश्नांसाठी असा अभ्यासक्रम असू शकतो, तर शांततेच्या प्रश्नांसाठी का नसावा, असा विचार पुढे आला आणि १९१९ पासून समकालीन संस्कृतीची ओळख करून देणारा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांस सक्तीचा झाला. आठवड्यातून पाच दिवस, लहान लहान वर्गांत, चर्चेच्या पद्धतीने तो चाले. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान व राज्यशास्त्र या विभागांतील अध्यापक तो शिकवीत. पण प्रत्येकाने केवळ आपला विषय न शिकविता संपूर्ण अभ्यासक्रम शिकवावयाचा असे. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकास किंमतींचा सिद्धांत समजून घ्यावा लागे आणि अर्थशास्त्रज्ञास लॉक वाचावा लागे. १९२० मध्ये जॉन अर्स्किन (१८७९–१९५१) यांनी दर आठवड्यास एक अभिजात ग्रंथ वाचून त्यावर चर्चा करण्याचा वर्ग सुरू केला. त्यातून पुढे १९३७ मध्ये साहित्यकृतींचा दुसरा सक्तीचा अभ्यासक्रम निघाला. वाचनाच्या याद्या अनेकदा बदलल्या, त्यांतील लेखकांच्या निवडीवर कडाक्याचे वाद झाले, तरी ही चौकट शंभरांहून अधिक वर्षे टिकून आहे. तिच्या टिकाऊपणाचे कारण यादीतील ग्रंथांच्या थोरवीत शोधण्यापेक्षा तिच्याभोवती जमलेल्या अध्यापकवर्गात शोधणे प्रस्तुत लेखकास अधिक योग्य वाटते.

शिकागो विद्यापीठाचा प्रयोग याहून धाडसी होता. रॉबर्ट मेनार्ड हचिन्स (१८९९–१९७७) हे १९२९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तेथील अध्यक्ष झाले. १९३१ च्या नव्या योजनेनुसार मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, भौतिक विज्ञाने व जीवविज्ञाने यांचे वर्षभराचे सर्वसमावेशक अभ्यासक्रम तयार करण्यात आले. वर्गातील उपस्थिती सक्तीची नव्हती. विद्यार्थ्याची तयारी झाली, की त्याने व्यापक परीक्षेस बसावे, अशी मुभा होती. परीक्षा घेण्याचे काम अध्यापकाकडून काढून एका स्वतंत्र परीक्षामंडळाकडे सोपविले होते. १९४२ पासून तर माध्यमिक शाळेची दोन वर्षे पुरी केलेल्या विद्यार्थ्यांनाही या महाविद्यालयात प्रवेश मिळू लागला व सामान्य शिक्षण पूर्ण होताच बी. ए. पदवी देण्यात येऊ लागली. ही पदवी इतर विद्यापीठे सहजी मान्य करीनात. हचिन्स गेल्यावर १९५३ मध्ये तिचे स्वरूप बदलण्यात आले.

परीक्षा व अध्यापन यांची अशी फारकत करूनही शिकागोचे अध्यापन निर्जीव झाले नाही, ही गोष्ट भारतीय वाचकास विशेष उद्‌बोधक वाटेल, कारण आपल्या विद्यापीठांतही परीक्षा अध्यापकाच्या हातात नसे. फरक असा, की शिकागोमध्ये एक अभ्यासक्रम शिकविणारे सर्व अध्यापक नियमितपणे एकत्र बसत, वाचनसाहित्य ठरवीत, एकमेकांच्या मतांचे खंडन करीत व परीक्षामंडळाशी सतत विचारविनिमय करीत. १९४३ पासून तेथील परीक्षक असलेले बेंजामिन ब्लूम (१९१३–९९) यांचा शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणावरील ग्रंथ (१९५६) आपल्याकडील प्रत्येक प्रशिक्षण महाविद्यालयात परिचित आहे. परंतु त्यामागे एका सामान्य शिक्षणक्रमाच्या प्रश्नपत्रिका काढण्याचा दीर्घ अनुभव होता, हे क्वचितच सांगितले जाते. ब्लूम १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातही आले, पण माध्यमिक शाळांच्या परीक्षासुधारणेसाठी. ज्या पदवी अभ्यासक्रमात त्यांचा अनुभव घडला होता, त्याच्याशी त्यांच्या भारतातील कामाचा संबंध आला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्व्हर्डचे अध्यक्ष जेम्स ब्रायंट कॉनंट (१८९३–१९७८) यांनी नेमलेल्या समितीचा अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘लाल पुस्तक’ म्हणून ओळखला जाणारा हा अहवाल सामान्य शिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत प्रभावी दस्तऐवज ठरला. युद्धोत्तर काळात लाखो निवृत्त सैनिक सरकारी साहाय्याने महाविद्यालयांत येणार होते. इतक्या भिन्न स्तरांतील लोकांना एका स्वतंत्र समाजाचे नागरिक म्हणून परस्परांशी बोलता येईल, अशी समान भूमी कोणती, हा समितीपुढील प्रश्न होता. पदवीच्या सोळा अभ्यासक्रमांपैकी सहा सामान्य शिक्षणाचे असावेत व त्यांत मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञाने या तिन्हींचा समावेश असावा, असे तिने सुचविले. अहवालाचा मोठा भाग माध्यमिक शाळांना वाहिलेला आहे, हे मात्र त्याचे पुष्कळसे अनुकर्ते विसरले.

कॉनंट हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विज्ञानाचे निष्कर्ष सांगण्यापेक्षा, ते निष्कर्ष हाती कसे आले हे जुन्या प्रयोगांच्या इतिहासावरून दाखवावे, असे त्यांचे मत होते आणि असा अभ्यासक्रम ते अध्यक्षपदी असतानाही शिकवीत. या कामी त्यांना साहाय्य करणाऱ्यांत भौतिकीचा एक तरुण संशोधक होता. ॲरिस्टॉटलच्या गतिविषयक विचारांवर व्याख्यानाची तयारी करताना, ते विचार न्यूटनच्या भौतिकीची चुकलेली आवृत्ती नसून एक निराळीच सुसंगत विचारव्यवस्था आहे, असे त्याच्या ध्यानात आले. हा तरुण म्हणजे टॉमस कून (१९२२–९६). वैज्ञानिक क्रांतीच्या संरचनेवरील त्यांच्या १९६२ मधील ग्रंथाचे बीज या वर्गात पडले. सामान्य शिक्षण हे विशेषज्ञाच्या दृष्टीने दुय्यम काम आहे, या समजुतीस याहून समर्पक उत्तर सापडणे कठीण.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी-आंदोलनांच्या लाटेत सक्तीचे विषय सर्वत्र सैल झाले. ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये विभागणीची अटही काढून टाकली. हार्व्हर्डमध्ये लाल पुस्तकाच्या योजनेखाली मान्य झालेल्या अभ्यासक्रमांची संख्या इतकी वाढली होती, की समान असे काही उरलेच नव्हते. १९७८ मध्ये तेथे नवी गाभा योजना संमत झाली. तिने ठराविक ज्ञानाऐवजी ज्ञान मिळविण्याच्या निरनिराळ्या पद्धतींवर भर दिला. तिचीही जागा २००९ मध्ये दुसऱ्या योजनेने घेतली. स्टॅनफर्डमध्ये १९८८ साली पाश्चात्त्य संस्कृतीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमावरून मोठा वाद झाला व त्याच्या जागी अन्य संस्कृतींतील व स्त्रीलेखिकांच्या ग्रंथांचा अंतर्भाव असलेला अभ्यासक्रम आला. समान वारसा म्हणताना तो कोणाचा, हा त्या वादातील प्रश्न रास्त होता.

इंग्लंडमध्ये एकाच विषयाच्या तीन वर्षांच्या पदवीची परंपरा दृढ असल्याने ही कल्पना फारशी रुजली नाही. १९५० मध्ये कील येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाने चार वर्षांची पदवी ठेवून पहिले वर्ष सर्वांना समान केले, हा तेथील ठळक अपवाद. स्कॉटलंडची चार वर्षांची पदवी मात्र पूर्वीपासूनच अधिक व्यापक होती. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन प्रभावाखाली पदवीच्या १२४ श्रेयांकांपैकी ३६ सामान्य शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आले. ते शिकविणारा अध्यापकवर्ग स्वतंत्र व विशेष विभागांच्या तुलनेने कमी प्रतिष्ठेचा राहिला. १९९१ मध्ये सक्तीचे नियम शिथिल होताच बहुतेक विद्यापीठांनी तो वर्गच विसर्जित केला.

भारत : १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालेल्या मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठांची आरंभीची बी. ए. पदवी ही वस्तुतः सामान्य शिक्षणाचीच पदवी होती. मुंबईत १८६२ साली पहिल्यांदा बी. ए. झालेल्या महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक या चौघांना भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि गणित या सर्वांचा अभ्यास करावा लागला होता. रानड्यांनी पुढे अर्थशास्त्र, इतिहास, कायदा व धर्मचिंतन या क्षेत्रांत ज्या सहजतेने संचार केला, तिचे श्रेय केवळ अभ्यासक्रमास देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एका विषयाच्या कुंपणात वाढलेल्या पुढील पिढ्यांत असा संचार दुर्मिळ झाला, हेही खरे. या आद्य अभ्यासक्रमात एक मोठी उणीव होती. ज्यांना शिकून लोकांमध्ये जावयाचे होते, त्यांची स्वतःची भाषाच पदवीच्या पातळीवरून थोड्याच वर्षांत वगळण्यात आली. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे, म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ऐच्छिक विषयांचे गट पडत गेले व कला आणि विज्ञान यांच्या वाटा पदवीपूर्वीच अलग झाल्या. स्वातंत्र्यानंतर सर्वपल्ली राधाकृष्णन् (१८८८–१९७५) यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) या अकाली विशेषीकरणावर बोट ठेवले. आयोगाच्या दहा सदस्यांत डॉ. झाकिर हुसेन, मेघनाद साहा व लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्याबरोबर दोन अमेरिकन शिक्षणतज्ञ होते. त्यांपैकी जॉन टायगर्ट यांच्या अध्यक्षतेखालीच फ्लॉरिडा विद्यापीठात १९३५ मध्ये सामान्य शिक्षणासाठी स्वतंत्र महाविद्यालय निघाले होते, आणि आर्थर मॉर्गन यांनी अँटिऑक महाविद्यालयाची पुनर्रचना केली होती. सामान्य शिक्षणाचे तत्त्व व व्यवहार यांचा अभ्यास विद्यापीठांनी आणि माध्यमिक शाळांनी विनाविलंब हाती घ्यावा, त्यासाठी पाठ्यक्रम व वाचनसाहित्य तयार करावे आणि ते सिद्ध होताच अध्यापन सुरू करावे, अशी शिफारस आयोगाने केली. या क्रमाला महत्त्व होते : आधी अध्यापकांचा अभ्यास, मग साहित्य, मग वर्ग.

प्रत्यक्षात क्रम उलटा झाला. चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) हे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असताना (१९५६–६१) तीन वर्षांच्या पदवीचा प्रसार झाला व तिच्याबरोबर सामान्य शिक्षणाच्या तासिकाही वेळापत्रकात आल्या. अलीगढ व बडोदे येथे या कामासाठी खास यंत्रणा उभारण्यात आली. अलीगढने वाचनसाहित्याची पुस्तकेही सिद्ध केली. परंतु भारतीय विद्यापीठ हे मुख्यतः संलग्न महाविद्यालयांचे संघटन होते. अभ्यासक्रम एका ठिकाणी ठरे, शिकविला जाई पन्नास ठिकाणी आणि त्याची परीक्षा घेणारा परीक्षक बहुधा तिसराच असे. महाविद्यालयात या विषयाचा विभाग नव्हता, म्हणून जागा नव्हती. जागा नव्हती, म्हणून त्यात प्रावीण्य मिळविण्याचे कोणास कारण नव्हते. ज्याचा कार्यभार अपुरा पडे त्याच्या माथी हा तास मारला जाई. गुण श्रेणीत धरले जात नसल्यास विद्यार्थी वर्गात येत नसत. धरले जात असल्यास बाजारात गाइडे येत. काही वर्षांतच बहुतेक विद्यापीठांनी तो गुंडाळला.

नंतरच्या घटनांचा निर्देश थोडक्यात पुरे. १९७०–८० या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेत पायाभूत अभ्यासक्रमांची कल्पना मांडली. मुंबई विद्यापीठातील ‘फाउंडेशन कोर्स’ हा त्याच कुळातला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाविषयी दिलेल्या आदेशास अनुसरून पुढे सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांत पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाला. विषयाच्या निकडीबद्दल दुमत नाही, पण अनेक ठिकाणी त्याची परिणती एका पुस्तिकेत व एका प्रकल्पवहीत झाली. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांच्या पदवीत अकरा पायाभूत अभ्यासक्रम आणले. पुढच्याच वर्षी ती योजना मागे घ्यावी लागली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) व त्यास अनुसरून डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेला श्रेयांक आराखडा यांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. तीन वर्षांच्या पदवीचे किमान १२० व चार वर्षांच्या पदवीचे १६० श्रेयांक ठरवून त्यांपैकी काही अन्य विद्याशाखांतील विषय, भाषा, कौशल्ये व मूल्यशिक्षण यांसाठी राखण्यात आले. स्वरूपाने ही लोएल यांच्या विभागणीचीच सुधारित आवृत्ती आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत त्याच्या पुढील वर्षापासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. ज्या ग्रामीण महाविद्यालयात एकच विद्याशाखा आहे, तेथे कला शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानाचा विषय कोणाकडून शिकावा, याचे उत्तर श्रेयांकांच्या कोष्टकात मिळत नाही. अनेक ठिकाणी ते काम तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडे जाते. तो दुसऱ्या वर्षी तेथे असेलच असे नाही. काही महाविद्यालयांनी जवळच्या महाविद्यालयाशी करार करून अध्यापकांची देवाणघेवाण सुरू केली आहे. दोन महाविद्यालयांतील अध्यापकांना त्या निमित्ताने एका टेबलाभोवती बसून एकच वाचनसाहित्य ठरवावे लागते. अशी सोय १९५० नंतरच्या योजनेत कोठेच नव्हती.